परसातली चूल

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्या चुलीचे प्रत्यक्षात काय झाले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आमच्या बीदर-भालकीकडील एखाद्या नव्या घरी पाहुणे म्हणून जा. दर्शनी दिवाणखाना, त्यापलीकडे देवघर, आणि मग पांढऱ्या फरशांचे, उभ्या ओट्याचे स्वयंपाकघर यजमान मोठ्या कौतुकाने दाखवितात. ओट्यावर गॅसची शेगडी असते व तीवर आपणांपुरता चहा होतो. परंतु आपण घरच्यासारखे असाल आणि हात धुण्याच्या निमित्ताने मागील दारी गेलात, तर निराळेच दृश्य दिसते. न्हाणीच्या भिंतीस टेकविलेले दोन पत्रे, ते उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड, आणि त्यांखाली तीन विटांची चूल. घरादाराचे अंघोळीचे पाणी, ज्वारीच्या भाकरी, हुलग्याचे माडगे, सणावाराचे पुरण हे सारे तेथे होते. आणि त्या पत्र्याखाली घरातील सर्वांत वडीलधारी स्त्री पदराने डोळे पुसत बसलेली असते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. सिलिंडर जपून वापरावा लागतो. शेतावरून तुराट्या आणि पळाट्या फुकट येतात. शिवाय चुलीवर फुगलेल्या भाकरीची सर गॅसवरील भाकरीस येत नाही, याविषयी आमच्याकडे मराठी, कानडी व उर्दू बोलणाऱ्यांचे संपूर्ण एकमत आहे. तात्पर्य, शोभेचे स्वयंपाकघर आत आणि कामाचे स्वयंपाकघर बाहेर, अशी आपल्या घरांची स्थिती झाली आहे. आतल्याच्या रचनेवर आपण महिनोन्‌महिने खल करतो. बाहेरच्याची रचना मात्र कोणीच करीत नाही. ती आपोआप 'होते'.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. गेल्या वर्षापर्यंत आमच्या घरीही असेच दोन पत्रे व तीन विटा होत्या.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, यंदा येळवशीच्या आधी परसात नीट छपराची चूल करून द्या. दुसरे काही मागत नाही." येळवस म्हणजे मार्गशीर्षातील वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव, बीदर आणि कलबुर्गी या पट्ट्याबाहेर राहणाऱ्या वाचकांस तिचे महत्त्व कदाचित ठाऊक नसेल. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. शेतात कडब्याची कोप उभारून पूजा होते, आणि इष्टमित्रांसह वनभोजन होते. कानडी शेजारी तिला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. परंतु शेतात बसून जी भज्जी, आंबील, उंडे आपण चाखतो, ते सारे आदल्या रात्री घरी शिजलेले असते. पुरुषांची येळवस सकाळी सुरू होते; बायकांची आदल्या दिवशी दुपारीच.

मागणी रास्त होती. मी उत्साहाने आलेखाचा कागद, पट्टी व टोकदार पेन्सिल घेऊन बसलो. अर्धा इंच म्हणजे एक फूट असे प्रमाण धरले. घराच्या मागील भिंतीलाच लागून एकपाखी छप्पर काढले, म्हणजे एक भिंत आयती मिळते. चूल त्या भिंतीशी, शेजारी गॅसचा ओटा, वर पत्रे. दोन रात्री खपून तयार केलेला तो आराखडा मी सौभाग्यवतींपुढे ठेवला, तो काहीशा अभिमानानेच.

त्यांनी तो नीट पाहिला आणि तीन प्रश्न विचारले. "धूर कुठे जाणार? पाऊस कुठून येणार? आणि मी कुणीकडे तोंड करून बसणार?"

तिन्ही प्रश्नांचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. माझ्या आराखड्यातील चूल आतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आली होती, म्हणजे बाहेरचा धूर पुन्हा घरातच येणार होता. पावसाचा विचार मी केलाच नव्हता. आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर स्पष्ट दिसत होते. भिंतीकडे. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाने आपल्या उत्तरपत्रिकेवर मनातल्या मनात शून्य लिहिले व कागद घडी करून ठेवला.

त्या रात्री मला आईची आठवण झाली.

भालकी तालुक्यातील आमचे जुने घर माळवदाचे होते. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचे धाबे. उन्हाळ्यात असे गार घर दुसरे नाही. परंतु स्वयंपाकघरात उजेड येई तो माळवदातील वीतभर झरोक्यातून, आणि धूर जाई तोही त्यातूनच. जाई त्याहून राही अधिक. सकाळी तो धूर पुरुषभर उंचीवर थरासारखा तरंगत असे. आम्ही मुले वाकून त्याच्या खालून आत शिरत असू व भाकरी घेऊन बाहेर पळत असू. आई मात्र आतच असे. चुलीत फुंकणी घालून ती फुंकू लागली की, तिला खोकल्याची उबळ येई. तो खोकला आम्ही इतकी वर्षे ऐकला की, घरातील जात्याच्या घरघरीसारखा तो एक आवाज आहे, असेच आम्ही धरून चाललो.

पुढे माझी नोकरी लागली, आई शहरात आली, घरी गॅस आला. खोकला मात्र गेला नाही. शेवटी दम लागून चालणे अवघड झाले तेव्हा तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीचे चित्र उजेडासमोर धरले आणि विचारले, "आजी, विडी किती वर्षे ओढत होता?" आई लाजून हसली. विडीचे नाव तिच्यासमोर काढणेही आमच्या घरी अशक्य होते. मी म्हणालो, "कधीच नाही." डॉक्टरांनी चित्र खाली ठेवले व हळू आवाजात दुसरा प्रश्न केला, "मग चुलीपुढे किती वर्षे?" आई म्हणाली, "लग्न झाल्यापासून."

त्यानंतर ती दोन वर्षे होती. मला बोचते ते एवढेच की, त्या जुन्या घराच्या बैठकीची खिडकी मोठी करण्यासाठी आम्ही दोनदा गवंडी आणला होता. चुलीवरचा झरोका मोठा करावा, असे मात्र आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या मनात आले नाही. आणि आईने ते कधी मागितले नाही.

धुराविषयीचे हे ज्ञान काही आजचे नव्हे. आपल्याच भागाशी निगडित असलेली एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत बीदर जिल्हा हैदराबादेशी जोडलेला होता. त्या हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी मातीची एक सुधारलेली चूल सिद्ध केली. एकाच जाळावर ओळीने अनेक भांडी आणि शेवटी धूर छपराबाहेर नेणारे धुराडे, अशी तिची रचना होती. 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' ही त्यांची इंग्रजी पुस्तिका १९५३ साली निघाली. म्हणजे माझ्या आईच्या लग्नापूर्वीच तिच्या धुरावरचा उपाय छापून झाला होता.

पुढे कर्क स्मिथ या संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतील खेड्यांमध्ये स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो याचे मोजमाप केले. ते १९८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ पर्यंत चालला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅस नेला. एवढे होऊनही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू घरातील इंधनाच्या धुरामुळे झाले.

सरकारी चुली पुष्कळ ठिकाणी का टिकल्या नाहीत? कोठे भांड्याचा बूड बसत नव्हता, कोठे लाकूड आत जात नव्हते, कोठे काजळीने कोंदलेले धुराडे साफ कसे करावे हे कोणी सांगितले नव्हते. याउलट उदाहरण हरियाणातील नाडा या गावचे. तेथे मधु सरीन या वास्तुविशारद बाईंनी १९८० नंतरच्या काळात गावच्या स्त्रियांबरोबर बसून, त्यांच्या हातांनी, त्यांच्या भांड्यांच्या मापाने चूल घडविली. 'नाडा चूल' या नावाने ती पुढे अनेक ठिकाणी गेली. चूल तीच, माती तीच. फरक एवढाच की, स्वयंपाक करणारीला आधी विचारले गेले.

माझ्या आराखड्यात नेमके हेच राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल सौभाग्यवतींच्या हाती दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आधी आठ दिवस कच्ची चूल मांडू." परसात तीन ठिकाणी विटा मांडून आम्ही आळीपाळीने जाळ केला आणि धूर कोठे वळतो ते सकाळ-संध्याकाळ पाहिले. परसात काही बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग अवश्य करावा. त्यास पैसा लागत नाही, आणि कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी त्यात दिसतात.

आता त्या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही कशी शोधली, ते क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न धुराचा. आमच्या पठारावर पावसाळ्यात वारा पश्चिम व नैऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून. आमच्या घराचे तोंड पश्चिमेस व परस पूर्वेस आहे. चूल परसाच्या ईशान्य कोपऱ्यात ठेवली तर पावसाळ्यात ठीक, पण थंडीत सारा धूर घरात. आग्नेय कोपऱ्यात ठेवली तर पावसाळ्यातील धूर घरापासून दूर जातो आणि थंडीतील धूर घराच्या दक्षिणेकडून निघून जातो. स्वयंपाकघर आग्नेयेस असावे, असे वाडवडील सांगत. त्यामागे अग्निदेवतेचे स्थान हे कारण दिले जाते. आमच्या परसापुरता तरी वाऱ्याचा हिशेबही तेच सांगत होता. अर्थात ज्यांचे परस दुसऱ्या दिशेस आहे, त्यांनी आपला हिशेब स्वतः करावा, आणि धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जात नाही ना, हेही पाहावे.

घरापासून चूल किती दूर असावी? फार जवळ असेल तर धूर व आगीचे भय. फार दूर असेल तर पावसात तापलेली भांडी घेऊन धावपळ. आम्ही मागील दारापासून बारा फूट अंतर ठेवले आणि मधल्या वाटेवर तीन फूट रुंदीचे छप्पर घातले. चूल उघड्यावर नेली की धूर संपला, असे मात्र कोणी समजू नये. जाळापुढे वाकलेल्या माणसाच्या नाकात धूर जावयाचा तो जातोच. म्हणून चुलीला धुराडे हवेच, आणि ते छपराच्या वर किमान दोन फूट गेले पाहिजे. महिन्यातून एकदा त्यातील काजळी काढता यावी म्हणून तळाशी झाकणाचे भोक ठेवावे. इंधन कोरडे असावे. ओले लाकूड आपली काही उष्णता स्वतःला वाळविण्यातच घालविते. चुलीच्या तळाशी लोखंडी जाळी ठेवली की, खालून हवा मिळते आणि फुंकणीचे काम पुष्कळ कमी होते.

दुसरा प्रश्न पावसाचा. छप्पर दहा फूट रुंद व बारा फूट लांब ठरले. पत्रा स्वस्त खरा, पण आमच्या वैशाखात त्याखाली भाकरी चुलीविनाच भाजावी! म्हणून मंगलोरी कौले घेतली. त्यांना उतार चांगला हवा. दोन फुटांस एक फूट या प्रमाणाने दोन्ही बाजूंस पाखी काढली. खांब आठ फूट उंच, मध्यभागी आढे साडेदहा फुटांवर. आढ्याशी कौलांखाली वीतभर फट ठेवून तीवर लहानसे टोपण घातले, म्हणजे चुकार धूर व वाफ वरून निघून जाते.

वळचण अडीच फूट पुढे काढली. तेव्हा तिचे टोक जमिनीपासून पावणेसात फुटांवर येते. पाऊस वाऱ्यासरशी अर्ध्या काटकोनात तिरपा आला, तर तो पावणेसात फूट आत घुसणार. त्यातून वळचणीचे अडीच फूट वजा केले, तरी सव्वाचार फूट छपराखालची जमीन भिजणार. हे त्रैराशिक नव्हे, साधी वजाबाकी आहे. पण ती कागदावर मांडेपर्यंत मला सुचली नव्हती. सुदैवाने मुख्य पावसाच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेला, आमचे घरच आडवे आहे. उरला प्रश्न नैऋत्येकडील झडीचा. त्यासाठी दक्षिणेची बाजू भिंतीने बंद केली व भिंतीच्या वरच्या दोन फुटांत विटांची जाळी ठेवली. पूर्वेस व उत्तरेस फक्त तीन फुटी कठडा आहे. पश्चिमेची बाजू, जिकडे घराचे मागील दार आहे, ती पूर्ण मोकळी.

कठड्यास बीदरचा जांभा वापरला. आमच्या किल्ल्याचा तट ज्या तांबड्या दगडाचा आहे, तोच हा. खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासावा इतका मऊ असतो व हवेत राहून कठीण होतो. जमिनीस कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादी फरशी घातली. मात्र गुळगुळीत न घेता खरबरीत घेतली, कारण ओल्या पायांनी हाती कढत पातेले घेऊन चालावयाचे असते. पाच फुटांस एक इंच असा उतार बागेकडे दिला. शहाबादी ही चुनखडीच्या जातीची आहे, हे विसरू नये. थेट जाळाने ती तडकते आणि चिंच-लिंबाच्या रसाने तिच्यावर डाग पडतात. म्हणून चुलीखाली विटा व माती घातली.

छपराविषयी गवंड्याचे मत वेगळे होते. त्याचे वडीलही हेच काम करीत. त्याला वाटे, वर फरशाच टाकाव्यात, म्हणजे "गुरुजी, पन्नास वर्षे बघायला नको." मी त्याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवून दिली. किल्लारीचा तो भूकंप बीदरनेही अनुभवला. त्या भागात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः जाड दगडी भिंती व वरचे मातीचे अवजड धाबे अंगावर कोसळून. गवंडी क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "कौलेच घालू. आणि खांब वर पट्टीने एकमेकांना बांधून घेतो." त्याने ते काम मन लावून केले.

स्वस्त म्हणून गवताचे किंवा तुराट्यांचे छप्पर घालावे काय, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. त्यांना मी कुंभकोणमची आठवण दिली. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेत गवती छपराच्या स्वयंपाकघरात आग लागली व ती वर्गांवर पसरून ९४ मुले दगावली. शाळेत माध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनात ती तारीख कोरलेली असते. चुलीवर गवत नको, मग ती शाळेची असो वा घरची. शेतातील कोप एका दिवसाची असते व तिच्यात चूल पेटत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.

गॅसची एक शेगडीही बाहेर हवी होती. तिच्याविषयी दोन शब्द. चूल व गॅस एका ओट्यावर शेजारी शेजारी कधीही ठेवू नयेत. आम्ही त्यांना छपराच्या दोन टोकांना ठेवले. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात न ठेवता सपाट जागी उभा ठेवावा आणि कठड्याच्या तळाशी वाऱ्यासाठी भोके ठेवावीत. वाऱ्याच्या झुळकेने ज्योत विझते व वायू तसाच वाहत राहतो. यासाठी शेगडीच्या वाऱ्याकडील बाजूस फूटभर उंचीचा आडोसा करावा.

आता तिसरा प्रश्न. मी कुणीकडे तोंड करून बसणार?

हा प्रश्न मला प्रथम सर्वांत किरकोळ वाटला होता. विचार करता करता तोच मुख्य आहे, हे कळले. आजवरच्या आमच्या सर्व घरांत चूल भिंतीशी होती. जिने चाळीस वर्षे दिवसाचे पाच-सहा तास तेथे काढले, तिने त्या वेळात पाहिले काय? काळवंडलेली भिंत. मुले अंगणात पडली, पाहुणे आले, पाऊस आला, सारे तिला आवाजावरून कळे. सौभाग्यवतींनी सांगितले, "मला तुळस दिसली पाहिजे, मागचे दार दिसले पाहिजे, आणि कुणी आले तर मान वळवावी लागू नये."

म्हणून चूल पूर्वेच्या कठड्यापासून चार फूट आत घेतली, अशी की बसणारीची पाठ कठड्याकडे व तोंड घराकडे होते. जाळाचे तोंड येण्याजाण्याच्या वाटेवर नाही, त्यामुळे कोणाच्या लुगड्याचा पदर किंवा पोराचा हात जाळात जाण्याचे भय नाही. चुलीचा चौथरा जमिनीपासून दीड फूट उंच केला आणि बसावयास नऊ इंची चौरंग, म्हणजे गुडघे मुडपून बसावे लागत नाही. भाकरी थापताना अंगाचा भार काठवटीवर यावा लागतो, म्हणून ती जागा याहून उंच चालत नाही. हे मला माहीत नव्हते. गॅसचा ओटा उभ्याने कामासाठी तीस इंच उंच आहे. त्याचे माप कोपरावरून घेतले. वाटण्या-चिरण्याची जागा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावी, आणि शेगडीखालचा ओटा शेगडीच्या उंचीइतका आणखी खाली. हे माप माझ्या कोपराचे नव्हे, त्यांच्या कोपराचे.

याशिवाय काही लहान गोष्टी, ज्या कोणत्याही आराखड्यात सहसा नसतात. चुलीला वैल हवा, म्हणजे उरल्या धगीवर वरण शिजते. आणि मागे भानवस हवी, म्हणजे उतरविलेले भांडे ठेवण्यास जागा होते. दिवा स्वयंपाक करणारीच्या पाठीमागे नको. तसे झाले की पातेल्यावर तिचीच सावली पडते. इंधन पंधरा दिवसांचे, चुलीपासून पाच फूट दूर, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावे. आमच्याकडे लाकडांखाली विंचू हमखास असतो. राख निवविण्यास झाकणाची लोखंडी बादली ठेवावी. मांजर-कुत्र्यांसाठी अर्धे दार. आणि एक बाकडे. ते कशासाठी, असे मी विचारले. उत्तर आले, "येऊन बसणाऱ्यांसाठी. कुणी बोलायला असले की काम होते."

काम येळवशीच्या चार दिवस आधी पुरे झाले. आदल्या रात्री आमच्या परसात शेजारच्या तीन घरच्या बायका जमल्या. भज्जीसाठी तुरीचे सोले, वाटाणे, पालेभाज्या निवडीत त्या मराठीत, कानडीत व मधूनच उर्दूत गप्पा करीत होत्या. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले, पण चुलीपुढची ही सरमिसळ भाषा वाटली गेली नाही. मी बाकड्यावर बसून बोरे खात होतो. धूर धुराड्यातून सरळ वर जात होता. मला एकाएकी जाणवले की, सौभाग्यवतींना स्वयंपाक करताना समोरून मी पहिल्यांदाच पाहत आहे. इतकी वर्षे मी त्यांची पाठच पाहिली होती.

आमच्या कानडी बांधवांत एक म्हण आहे, 'हित्तल गिड मद्दल्ल', परसातले झाड औषध नव्हे. जे आपल्या मागील दारी असते, त्याची किंमत आपणांस नसते, असा तिचा अर्थ. झाडाची गोष्ट राहू द्या. परसातल्या पत्र्याखाली बसलेल्या माणसाची तरी किंमत आपण करतो काय, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावा.

ज्यांना परसात असे काही बांधावयाचे असेल, त्यांनी माझी मापे उतरवून घेऊ नयेत. ती आमच्या परसाची, आमच्या वाऱ्याची व आमच्या घरच्या कोपराची आहेत. उतरवून घ्यावयाचे असेल, तर ते तीन प्रश्न घ्यावेत, आणि ते गवंड्याला नव्हे, जी तेथे बसणार आहे तिला विचारावेत. माझ्या आईला ते कोणी विचारले नाहीत.